दवाखान्याची वेबसाईट एकदा डोळे मिटून चालवून बघा

माझ्या मावशीची नजर शुगरमुळे गेली, आता उजव्या डोळ्याला थोडा उजेड कळतो तेवढंच. जुळे सोलापुरात राहते. मोबाईल मात्र टॉकबॅक (स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) लावून माझ्यापेक्षा भराभर चालवते. दोन वर्षांपूर्वी मी इथल्या एका छोट्या हॉस्पिटलची वेबसाईट बनवली (नाव सांगत नाही, चूक त्यांची कमी आणि माझीच जास्त होती) आणि मोठ्या तोऱ्यात मावशीला म्हटलं, बघ, आता घरबसल्या नंबर लागतो. तिने माझ्यासमोरच उघडली. फोन बोलायला लागला, "इमेज. इमेज. बटण. बटण. लेबल नसलेलं बटण." मावशी म्हणाली, "काय रे हे, नुस्तं बटण बटण करायलंय. डॉक्टर कवा भेटत्यात ते सांगंना की."

शेवटी मीच वाचून दाखवलं. नंतर आईकडून कळलं की तिला बायकांच्या डॉक्टरची वेळ हवी होती आणि भाच्यासमोर ते बोलायचं कसं म्हणून ती गप्प बसली. ही गोष्ट माझ्या डोक्यातून गेलीच नाही. बसचं तिकीट कुणाला काढून मागितलं तर काय बिघडत नाही हो, पण मूळव्याध, पाळी, एचआयव्हीची टेस्ट, डिप्रेशनच्या गोळ्या, हे दुसऱ्याच्या हातात फोन देऊन विचारायचं म्हणजे बरेच लोक विचारतच नाहीत. म्हणून दवाखान्याची साईट दिव्यांग पेशंटला चालवता यावी यासाठी काय करायचं ते खाली लिहितोय, त्यात माझी कसोटी एकच आहे: पेशंटला हे एकट्याने करता येतंय का.

आणि पेशंट म्हणजे फक्त पूर्ण अंध माणूस असंही नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार दिलेत. शिवाय आपल्या गावाचं आपलं वेगळं आहे, आयुष्यभर यंत्रमागाच्या खडखडाटात उभं राहून कान गेलेले लोक इथे गल्लीगल्लीत आहेत, विड्या वळून वळून बोटं आखडलेल्या बायका आहेत, मोतीबिंदू पिकलेले आजोबा आहेत. यातल्या बऱ्याच जणांकडे दिव्यांग प्रमाणपत्र नाहीये पण अडचण तीच आहे.

आधी अर्धा तास नुसतं ऐका

कोडला हात लावायच्या आधी स्वतःच्या अँड्रॉइड फोनवर सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन टॉकबॅक चालू करा. चालू करायच्या आधी बंद कसं करायचं ते वाचून ठेवा, कारण टॉकबॅक लागला की साध्या टचने काहीच उघडत नाही, एका बोटाने उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट वाचतो आणि दोनदा टॅप केलं की उघडतो, स्क्रोल दोन बोटांनी करायचं. मी पहिल्यांदा लावला तेव्हा बंद करायला पोराला बोलवावं लागलं होतं. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए नावाचं स्क्रीन रीडर, म्हणजे टॉकबॅकसारखंच स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात एच दाबलं की पुढचं हेडिंग, बी दाबलं की पुढचं बटण, एफ दाबलं की फॉर्मचा पुढचा रकाना.

मग कागदावर पाच कामं लिहा. आज डॉक्टर किती वाजता आहेत, फोन नंबर, अपॉइंटमेंट, रिपोर्ट, आणि रात्री इमर्जन्सीत कुठल्या दाराने यायचं. डोळे मिटा आणि ही पाच कामं करून बघा. जिथे अडकाल तिथे कागदावर फुली मारा. माझ्या स्वतःच्या साईटवर पाचपैकी पाच फुल्या आल्या. दुरुस्तीचा क्रम या फुल्यांवरून लावायचा, "आमच्याविषयी" आणि "डायरेक्टरांचे मनोगत" ही पानं शेवटी केली तरी चालतात, ती तशीही कोण वाचतं.

मराठी खरंच मराठी आहे का

स्क्रीन रीडर कुठल्या आवाजात वाचायचं हे पानाच्या कोडमधल्या लँग अ‍ॅट्रिब्यूटवरून ठरवतो. बहुतेक रेडीमेड थीममध्ये तिथे इंग्रजी लिहिलेलं असतं आणि पान मराठी असतं, मग कधी इंग्रजी आवाज मराठी अक्षरं गिळून टाकतो, कधी भलतंच काहीतरी बडबडतो. एचटीएमएलच्या पहिल्या टॅगमध्ये लँगला एमआर करा, दोन मिनिटांचं काम आहे आणि फरक सगळ्यात मोठा पडतो. सोलापुरात पेशंट तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारेही येतात, इंडी-विजापूरकडून येणारे तर कितीतरी, त्यामुळे काही साईटवर "ಕನ್ನಡ" सारखी बटणं त्या त्या लिपीत असतात. चांगलंच आहे, फक्त त्या तुकड्यालाही त्याची भाषा लावा, आणि उर्दूला उजवीकडून डावीकडे दिशा द्यायला विसरू नका.

दुसरी भानगड जुन्या फॉन्टची. डीटीपीवाल्याकडून आलेला मजकूर बरेचदा जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेला असतो, दिसायला देवनागरी पण आतून इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी, स्क्रीन रीडर तीच खिचडी वाचतो. गुगलवरही ते पान सापडत नाही. कन्व्हर्टर वापरून सगळं युनिकोडमध्ये आणा आणि नंतर एकदा नजरेखालून घाला, कारण रफार आणि जोडाक्षरं कन्व्हर्ट होताना हमखास गंडतात.

पोस्टरचा रोग

सोलापुरातल्या दवाखान्यांच्या साईटवर माझा सगळ्यात जास्त राग कशावर असेल तर यावर. ओपीडीच्या वेळा, शिबिराची माहिती, डॉक्टर सुट्टीवर असल्याची सूचना, सगळं फ्लेक्सवाल्याने बनवलेल्या जेपीजीत. वर डॉक्टरसाहेबांचा फोटो, खाली सौजन्य, मध्ये कुठेतरी वेळ. स्क्रीन रीडरला त्यातलं एक अक्षर दिसत नाही, तो बरेचदा फाईलचं नाव वाचतो, "व्हॉट्सअ‍ॅप इमेज २०२४..." आणि पुढे तारीख आणि वेळेचे आकडे. कमी दिसणाऱ्याने झूम केलं की अक्षरं फुटतात.

उपाय साधा आहे, जे अक्षरात आहे ते अक्षरातच लिहा. पोस्टर टाकायचंच असेल तर टाका, पण खाली तीच माहिती टाईप करा. ओपीडीचं टाईमटेबल खऱ्या टेबलात करा आणि वरच्या ओळीला व डावीकडच्या रकान्याला हेडर सेल म्हणून खूण करा, म्हणजे नुसतं "१० ते १" न वाचता "मंगळवार, हाडांचे डॉक्टर, १० ते १" असं वाचतो. मोबाईलवर मोठं टेबल आडवं सरकवावं लागतं, त्यामुळे डॉक्टर तीन-चारच असतील तर मी टेबल करतच नाही, प्रत्येक डॉक्टरचं एक हेडिंग आणि खाली दोन ओळी. मावशीला हेच आवडलं.

फोटोंच्या ऑल्ट टेक्स्टबद्दल. ऑल्ट म्हणजे फोटो दिसत नसेल तर त्याजागी काय ऐकू यावं ते. "इमेज १" किंवा "बेस्ट हॉस्पिटल इन सोलापूर" असलं लिहू नका, तो एसईओवाल्यांचा (गुगलवर साईट वर आणून देणाऱ्यांचा) उद्योग आहे. मेन गेटचा फोटो असेल तर "हॉस्पिटलचं मेन गेट, डाव्या बाजूला रॅम्प, उजवीकडे मेडिकल दुकान" असं लिहा, कारण त्या फोटोतून डोळस माणूस नेमकं तेच बघतो. हसणाऱ्या नर्सचा स्टॉक फोटो, फुलांची नक्षी, रेघा, यांचं ऑल्ट रिकामं ठेवा. रिकामं म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट लिहून आत काही नाही. अ‍ॅट्रिब्यूटच गाळलं तर बरेचदा परत फाईलचं नाव वाचलं जातं.

हेडिंगचंही इथेच सांगतो. अक्षर मोठं आणि ठळक केलं म्हणजे हेडिंग झालं असं नसतं, कोडमध्ये एच१, एच२, एच३ असं क्रमाने लावलेलं पाहिजे. डोळस माणूस पान नजरेने चाळतो तसं अंध माणूस हेडिंगांवरून उड्या मारत पान चाळतो. आणि प्रत्येक पानाचं टायटल वेगळं ठेवा, सगळीकडे हॉस्पिटलचं नाव असेल तर कुठल्या टॅबमध्ये काय आहे ते कळत नाही.

बटणं, पॉपअप आणि हलणारं सगळं

आता माउस बाजूला ठेवा आणि नुसत्या टॅब, एंटर आणि एस्केपवर साईट चालवा. हात थरथरणारे, लकवा मारलेले, एका हाताने काम करणारे लोक असंच किंवा यासारखंच काहीतरी वापरतात. टॅब दाबल्यावर आपण कुठे आहोत ती चौकट दिसली पाहिजे, बरेच डिझायनर "चांगली दिसत नाही" म्हणून सीएसएसमध्ये आउटलाइन काढून टाकतात, ती परत आणा. चांगली जाड करा.

तीन रेघांचं मेनूचं बटण आणि फोन-व्हॉट्सअ‍ॅपची नुसती चिन्हं हे खरे बटण किंवा लिंक म्हणून बनवा, साध्या डिव्हला (कोडमधल्या नुसत्या चौकटीला) क्लिक लावून नको, आणि त्यांना आरिया लेबल (स्क्रीन रीडरला वाचायला दिलेलं नाव) मराठीत द्या: "मेनू उघडा", "हॉस्पिटलला फोन करा". "येथे क्लिक करा" अशा दहा लिंका असतील तर लिंकांची यादी ऐकणाऱ्याला दहा वेळा "येथे क्लिक करा" ऐकू येतं, त्यापेक्षा "रक्त तपासणीचे दर" असं लिहा. बटणं मोठी ठेवा. डब्ल्यूसीएजी म्हणजे साईट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीच्या जागतिक नियमावलीच्या २०२३ च्या २.२ आवृत्तीत कमीत कमी २४ बाय २४ पिक्सेल सांगितलंय, मी ४४ च्या खाली जात नाही, त्या आखडलेल्या बोटांचा विचार करा.

साईट उघडल्या उघडल्या "मोफत शिबिर" म्हणून उडी मारणारा पॉपअप माझ्या मते काढूनच टाकावा. डॉक्टर ऐकत नसतील तर निदान एवढं करा की उघडल्यावर फोकस (म्हणजे आपण आत्ता पानावर जिथे आहोत ती जागा) त्याच्या आत जाईल, एस्केपने बंद होईल आणि बंद झाल्यावर फोकस जिथे होता तिथे परत येईल. वर सरकणारा स्लायडर आणि मार्की पट्टी, पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ आपोआप हलत असेल तर थांबवायचं बटण हवंच. "न्यू न्यू" म्हणून लुकलुकणारं जीआयएफ पण घालवा. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारी गोष्ट फिट येणाऱ्या माणसाला झटका आणू शकते, आणि न्यूरोलॉजिस्टच्या साईटवर असलं काही ठेवणं म्हणजे कमालच.

रंग आणि अक्षर

अक्षर आणि मागचा रंग यांच्यातला कॉन्ट्रास्ट साध्या मजकुराला कमीत कमी ४.५ ला १ हवा, मोठ्या अक्षराला ३ ला १ चालतो. पांढऱ्यावर राखाडी वापरायचा तर ७६७६७६ हा कोड जेमतेम पास होतो, त्याहून फिका नको. भडक लाल पांढऱ्यावर ४ च्या आसपास येतो म्हणजे नापास, थोडा गडद करा. व्हॉट्सअ‍ॅपच्या हिरव्यावर पांढरी अक्षरं तर २ पर्यंतच पोचतात. आणि हे सगळं एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात रस्त्यावर उभं राहून फोन बघणाऱ्या धडधाकट माणसालाही लागू पडतं.

देवनागरीला ओळींमधलं अंतर जास्त लागतं. इंग्रजी थीमचं १.२ ठेवलं तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात, मी १.६ ते १.७ ठेवतो आणि फॉन्ट १८ पिक्सेल, मुक्ता किंवा नोटो सान्स. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. पिंच करून झूम करणं बंद करणारी एक ओळ बऱ्याच थीममध्ये असते, व्ह्यूपोर्ट टॅगमध्ये यूझर स्केलेबल नो, ती शोधून उडवा. मग ब्राउझरमध्ये २०० टक्के झूम करून बघा काही कापलं जातंय का.

नुसत्या रंगाने काही सांगू नका. लाल म्हणजे भरलेला, हिरवा म्हणजे मोकळा, असे स्लॉट रंगांधळ्याला सारखेच दिसतात. रंगाबरोबर "मोकळा" हा शब्दही लिहा.

नंबर लावायचा फॉर्म

इथे घाई करू नका, बहुतेक फुल्या इथेच असतात. प्रत्येक रकान्याला खरं लेबल हवं, आत फिकट अक्षरात लिहिलेला प्लेसहोल्डर टाईप करायला लागलं की गायब होतो, मग विसरभोळ्या माणसाला आपण नाव लिहितोय की गाव ते कळत नाही. रकाने कमी ठेवा. नाव, मोबाईल, कुठले डॉक्टर, कुठला दिवस. ईमेल आणि धर्म कशाला विचारता?

नावाच्या रकान्यात फक्त इंग्रजी अक्षरं चालतील अशी अट असते, ती काढा. मोबाईल नंबर कुणी मराठी कीबोर्डवरून ९८२२ असा देवनागरी आकड्यांत टाकला तर जावास्क्रिप्टची नेहमीची तपासणी तो नाकारते, नंबर टाईपचा रकानाही बरेचदा नाकारतो, म्हणून टेल टाईप ठेवा आणि आकडे मागच्या बाजूला बदलून घ्या. पाच-सात ओळींचं काम आहे. मध्ये स्पेस असली किंवा पुढे ९१ असलं तरी गुमान घ्यावं.

तारखेचं ते छोटं कॅलेंडर टॉकबॅकवर म्हणजे छळ. मी पुढच्या सात दिवसांची साधी यादी देतो, "सोमवार, सकाळी १० ते १, जागा आहेत" असे रेडिओ बटण, संपलं.

चूक झाली की रकाना नुसता लाल करू नका. "मोबाईल नंबर १० आकडी हवा, तुम्ही ९ आकडे टाकलेत" असं शब्दांत लिहा, तो मेसेज त्या रकान्याला जोडा आणि फोकस तिथे न्या. आणि सबमिट झाल्यावर "तुमचा नंबर लागला, टोकन १४" हा मेसेज आरिया लाइव्ह मध्ये (बदल झाला की आपोआप वाचला जाणाऱ्या भागात) टाका, नाहीतर स्क्रीनवर दिसतो पण बोलला जात नाही आणि माणूस परत परत सबमिट दाबत बसतो. हे आमच्याकडे घडलंय, मावशीच्या नावाने एकाच दिवशी चार टोकन.

चित्रातली वाकडी अक्षरं ओळखायचा कॅप्चा काढा, स्पॅम अडवायला लपवलेला रकाना (माणूस भरत नाही, स्पॅम पाठवणारं मशीन भरतं) बऱ्यापैकी पुरतो. ओटीपीला सहा वेगळे चौकोन नकोत, एकच रकाना, पेस्ट करता आलं पाहिजे, आणि वेळ ३० सेकंद ठेवू नका. स्क्रीन रीडरने मेसेज उघडून ऐकून परत यायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

ऐकू येत नाही त्यांचं काय

"अपॉइंटमेंटसाठी फोन करा" एवढंच लिहिलेलं असेल तर ऐकू न येणाऱ्या माणसाला दार बंद. व्हॉट्सअ‍ॅप किंवा एसएमएसचा नंबर द्या, आणि तो रिसेप्शनवरचं कोणीतरी खरंच बघतंय याची खात्री करा. डॉक्टरांचे व्हिडिओ असतील तर मराठी कॅप्शन टाका, मशीनने केलेले असतील तर औषधांची नावं आणि डोस हाताने तपासा, "अर्धी गोळी" चं "आठ गोळी" झालं तर काय घ्या. भाषाही सोपी ठेवा. "उपाशीपोटी या, पाणी प्यायलं तर चालेल" हे कुणालाही कळतं, आठ अक्षरी वैद्यकीय शब्द वाचून कमी शिकलेला किंवा मतिमंद मुलाला घेऊन आलेला बाप गोंधळतो.

रिपोर्ट

लॅबच्या सॉफ्टवेअरमधून निघणारी पीडीएफ बहुतेक वेळा वाचता येण्यासारखी असते. मग आपल्याकडे काय करतात, तिची प्रिंट काढतात, सही-शिक्का मारतात, परत स्कॅन करून पाठवतात. झालं, रिपोर्टचा फोटो झाला. मावशीला तिची स्वतःची शुगर किती आहे हे शेजारच्या पोरीला विचारावं लागायचं. मूळ पीडीएफवरच डिजिटल सही घ्या, ते जमत नसेल तर साईटवर लॉगिन केल्यावर महत्त्वाचे आकडे साध्या मजकुरात दाखवा, नाव, आकडा, नॉर्मल किती ते. नॉर्मलच्या बाहेरचा आकडा नुसता ठळक करू नका, "जास्त" किंवा "कमी" असं लिहा. पासवर्ड जन्मतारखेचा असेल तर कुठल्या क्रमाने टाकायची ते अक्षरात सांगा. माहितीपत्रकं, संमतीपत्र वगैरे वर्डमध्ये नीट हेडिंग लावून तिथूनच पीडीएफ सेव्ह करा, प्रिंट-टू-पीडीएफ केलं तर हेडिंग वगैरेच्या खुणा (टॅग) उडतात.

दारापर्यंत

साईटवर एक पान असं हवं: पायऱ्या किती, रॅम्प आहे का, लिफ्टमध्ये व्हीलचेअर मावते का, कमोडचं टॉयलेट कुठल्या मजल्यावर, रिक्षा दारापर्यंत येते का. खरं लिहा. रॅम्पला एक फूट चढायला बारा फूट लांबी धरतात, तुमचा घसरगुंडीसारखा असेल तर "रॅम्प आहे पण उभा आहे, फोन करा, वॉर्डबॉय येईल" असं लिहिलेलं परवडलं. गुगल मॅप टाकाच पण सात रस्त्याकडून आलात तर कसं, स्टेशनकडून आलात तर कसं, हे शब्दांत पण लिहा. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत मंदिराच्या बाजूला दवाखाना असेल तर कुठल्या रस्त्याने यायचं ते त्या आठवड्यापुरतं वर टाकत जा.

तपासणी, कायदा, पैसे

साईट तपासायला क्रोममध्ये लाइटहाऊस आहे, त्याशिवाय अ‍ॅक्स आणि वेव्ह ही फुकट टूल्स आहेत, चालवा. पण १०० मार्क पडले म्हणून पेढे वाटू नका, ऑल्ट आहे की नाही एवढंच मशीनला कळतं, त्यात काय लिहिलंय ते कळत नाही. "एक ओळ कोड टाका, साईट अ‍ॅक्सेसिबल" म्हणून विकले जाणारे विजेट घेऊ नका, त्याने लेबल नसलेल्या बटणाला खरं लेबल येत नाही आणि कधी कधी माणसाच्या स्वतःच्या स्क्रीन रीडरशीच भांडतात. ते पैसे वाचवून ओळखीतल्या दोन-तीन दिव्यांग लोकांना बोलवा, ती पाच कामं करायला द्या, मध्ये बोलू नका, आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या. चहापाण्यावर भागवू नका.

डॉक्टर म्हणाले "सक्ती आहे का" तर सांगा, २०१६ च्या कायद्याचं कलम ४६ खाजगी सेवा देणाऱ्यांनाही धरतं, कलम ८९ मध्ये पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत आणि पुढे ५०,००० ते ५ लाखांपर्यंत दंड आहे, साईट दिव्यांगांना वापरता यावी यासाठीचं आपल्याकडचं मानक आयएस १७८०२ आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग धरलाय. माझ्या डॉक्टरांना यातलं काही सांगावं लागलं नाही, त्यांना मी टॉकबॅक लावून त्यांचीच साईट दोन मिनिटं ऐकवली.

सगळ्यात अवघड काम नंतरचं आहे. मी तीन रविवार घालवून सगळं नीट केलं आणि पंधरा दिवसांत रिसेप्शनवरून परत एक जेपीजी चढली, "डॉक्टर दि. अमुक ते तमुक बाहेरगावी". त्यांची चूक नव्हती, टाईप करायला सोयीची जागाच मी ठेवली नव्हती. आता अ‍ॅडमिनमध्ये सूचनेचा एक मोठा रकाना आहे, मराठीत टाईप करा आणि ओके दाबा, आणि फोटो चढवताना वर्णन लिहिल्याशिवाय तो पुढे जाऊच देत नाही. पहिल्या आठवड्यात रिसेप्शनच्या ताईंनी सगळ्या फोटोंना "फोटो" असं वर्णन दिलं, मग अर्धा तास त्यांच्याजवळ बसून टॉकबॅक ऐकवला.

मावशीने गेल्या महिन्यात स्वतः नंबर लावला, कुठल्या डॉक्टरचा ते मी विचारलं नाही. तिची एकच तक्रार आली, नावापुढचं "डॉ." फोन अर्धवट तोडून वाचतो, पूर्ण "डॉक्टर" लिही म्हणाली. होमपेजवर केलंय, आतली तीन पानं राहिलीत, आज रात्री बसतो.